पाहिले ते सांगणारी मुले : अमेरिकेतील कुमार-कादंबऱ्या आणि वर्णभेद

शास्त्रपाठ : निर्गम २०:१६; लेवीय ५:१; २ शमुवेल १२:१-७

संडेस्कूलच्या शिक्षकांना नाथान संदेष्ट्याची गोष्ट नव्याने सांगायला नको. दावीद राजाला त्याचा अपराध दाखवून द्यायचा होता, पण नाथानाने त्याच्यापुढे आज्ञांचे फलक मांडले नाहीत. त्याने एका गरीब माणसाची, त्याच्या एकुलत्या एका कोकरीची आणि ती हिरावून घेणाऱ्या त्याच नगरातल्या श्रीमंताची गोष्ट सांगितली. राजा संतापला. त्याने त्या श्रीमंताला दंडही सुनावला, आणि मगच त्याच्या ध्यानात आले की तो श्रीमंत मनुष्य आपणच आहोत. सरळ आरोप झाला असता तर राजाने आपला बचाव केला असता. गोष्टीपुढे त्याला बचाव सुचला नाही.

या महिन्याच्या अभ्यासासाठी आम्ही अशाच काही गोष्टी घेतल्या आहेत. त्या अमेरिकेत लिहिल्या गेल्या आणि तेथील बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिल्या गेल्या. त्या देशात अशा पुस्तकांना 'यंग ॲडल्ट' म्हणतात. आपण त्यांना कुमार-कादंबऱ्या म्हणू. कृष्णवर्णीय लोकांवर आजही होणारा अन्याय हा त्यांतील कित्येकांचा विषय आहे. अमेरिकेतले भांडण आपल्या वर्गात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर लेखाच्या शेवटी देण्याचा प्रयत्न आम्ही केला आहे. कादंबरी हा ख्रिस्ती वाचकाने हाती धरण्याचा प्रकार आहे काय, असे कोणी विचारील तर त्याला मात्र आताच आठवण देऊ की, मराठीतील पहिली मानली जाणारी कादंबरी 'यमुनापर्यटन' ही बेळगावात जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली लिहिली, आणि तिचा विषय विधवांवरील अन्याय हाच होता.

१. पुस्तकात नसलेली मुले

अमेरिकेत गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षे दक्षिणेकडील राज्यांत शाळा, बसगाड्या, खाणावळी, पाण्याचे नळ गोऱ्यांचे निराळे आणि कृष्णवर्णीयांचे निराळे होते. १९६४ चा नागरी हक्कांचा कायदा आणि १९६५ चा मतदानाच्या हक्काचा कायदा यांनी ती व्यवस्था मोडली. कायदा बदलला, पण मुलांची पुस्तके लवकर बदलली नाहीत.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक हिशेब मांडला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेल्या मुलांच्या ५,२०६ पुस्तकांची माहिती त्यांनी प्रकाशकांकडून मिळवली. त्यांतील अवघ्या ३४९ पुस्तकांत, म्हणजे शंभरांत सातांपेक्षाही कमी पुस्तकांत, एखादे तरी कृष्णवर्णीय माणूस चित्रात किंवा मजकुरात होते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालसाहित्य केंद्राने १९८५ सालची मोजणी केली. त्या वर्षीच्या सुमारे २,५०० पुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखकाने किंवा चित्रकाराने केलेली पुस्तके होती फक्त १८.

यात नुकसान कोणाचे? रुडीन सिम्स बिशप या अभ्यासक बाईंनी १९९० साली ते एका दृष्टांताने समजावून दिले. पुस्तक हे काही मुलांना आरसा असते आणि काहींना खिडकी. ज्याला पुस्तकात आपले तोंड कधीच दिसत नाही, तो समजतो की आपली गणती कशात नाही. ज्याला सर्वत्र आपलेच तोंड दिसते, तो समजतो की जगात आपणच आहोत. म्हणजे कृष्णवर्णीय मुलाला आरसा नव्हता आणि गोऱ्या मुलाला खिडकी नव्हती. अंधारात दोघेही होते.

२. जुना पाया

या अंधारात दिवा लावणाऱ्यांत मिल्ड्रेड टेलर यांचे नाव आधी घेतले पाहिजे. त्यांचा जन्म १९४३ साली मिसिसिपी राज्यातील जॅक्सन येथे झाला. 'रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय' ही त्यांची कादंबरी १९७६ साली निघाली आणि तिला १९७७ चे न्यूबेरी पदक मिळाले. कथेचा काळ १९३३ चा. कथा सांगणारी कॅसी लोगन नऊ वर्षांची आहे.

शाळेत प्रथमच सरकारी पुस्तके मिळणार म्हणून मुले आनंदात असतात. पुस्तके येतात ती फाटकी आणि मळकी. कॅसीचा सहा वर्षांचा भाऊ आपले पुस्तक उघडतो, आतल्या पानावर पाहतो आणि ते जमिनीवर फेकून त्यावर पाय आपटतो. त्या पानावर एक तक्ता असतो : पुस्तक कोणत्या वर्षी, कोणत्या स्थितीत, कोणत्या वर्णाच्या मुलाला दिले. अकरा वेळा ते गोऱ्या मुलांना दिलेले असते. बाराव्या ओळीत 'अत्यंत खराब' अशी नोंद आल्यावरच ते कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला येते, आणि तेथे त्याच्या वर्णाचा उल्लेख हिणवणाऱ्या शब्दाने केलेला असतो. वर्गातली बाई त्या पोराला छडी मारते. त्याची आई त्याच शाळेत शिक्षिका असते. ती काही न बोलता कागद कापते आणि ते तक्ते झाकण्यासाठी मुलांच्या पुस्तकांत चिकटवू लागते. त्या आईसाठी ही कादंबरी प्रत्येक शिक्षकाने एकदा वाचावी. मुलाने जे पाहिले ते तिने खोटे ठरवले नाही.

दुसरे पुस्तक क्रिस्टोफर पॉल कर्टिस यांचे, १९९५ सालचे. त्यात उत्तरेकडील मिशिगनमधील वॉटसन कुटुंब दक्षिणेत बर्मिंगहॅमला आजीकडे जाते. साल १९६३. त्या वर्षी १५ सप्टेंबरला, रविवारी सकाळी, बर्मिंगहॅमच्या सिक्स्टीन्थ स्ट्रीट बॅप्टिस्ट चर्चमध्ये वर्णद्वेष्ट्यांनी ठेवलेल्या बाँबचा स्फोट झाला आणि चार मुली ठार झाल्या. तिघी चौदा वर्षांच्या होत्या, एक अकरा वर्षांची. त्या संडेस्कूलसाठी आल्या होत्या. कादंबरीतला केनी हा मुलगा स्फोटानंतर आपल्या धाकट्या बहिणीला शोधत त्या चर्चमध्ये शिरतो. बहीण सुखरूप असते, परंतु केनीने जे पाहिले ते त्याच्या डोळ्यांपुढून जात नाही. घरी परतल्यावर तो कोचामागे लपून बसू लागतो. त्याला तेथून बाहेर आणतो तो त्याचा खोडकर थोरला भाऊ, त्याचे बोलणे ऐकून घेऊन.

३. 'द हेट यू गिव्ह'

आता आजच्या काळाकडे येऊ. १ जानेवारी २००९ च्या पहाटे कॅलिफोर्नियातील ओकलंड येथे ऑस्कर ग्रँट हा २२ वर्षांचा निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुण रेल्वेच्या फलाटावर पोलिसाच्या गोळीने मेला. प्रवाशांनी आपल्या मोबाइल फोनवर ते चित्रित केले होते. त्या वेळी अँजी थॉमस ही तरुणी जॅक्सन येथील एका ख्रिस्ती महाविद्यालयात शिकत होती. या घटनेने अस्वस्थ होऊन तिने एक लघुकथा लिहिली. तिचीच पुढे कादंबरी झाली आणि २०१७ साली ती प्रसिद्ध झाली. २०१८ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला.

कथानायिका स्टार कार्टर सोळा वर्षांची आहे. तिचे घर गार्डन हाइट्स या गरीब कृष्णवर्णीय वस्तीत, आणि शाळा दूरच्या श्रीमंत, बहुतेक गोऱ्या मुलांच्या विल्यमसनमध्ये. त्यामुळे तिची दोन रूपे झाली आहेत. शाळेत ती वस्तीतली बोली तोंडातून निघू देत नाही, रागावत नाही, कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. घरी आली की ते ओझे उतरवते. वडिलांचे छोटे दुकान आहे. त्यांनी मुलांकडून ब्लॅक पँथर पक्षाचा दहा कलमी कार्यक्रम पाठ करून घेतला आहे. स्टार बारा वर्षांची असताना आईवडिलांनी तिला आणखी एक धडा दिला होता : पोलिसाने अडवले तर काय करायचे. हात दिसतील असे ठेवायचे, एकाएकी हालचाल करायची नाही, विचारले तेवढेच बोलायचे. आपण आपल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतो तसा हा धडा तेथील अनेक घरांत खरोखर दिला जातो.

एका रात्री तिचा लहानपणचा मित्र खलील तिला गाडीने घरी सोडत असतो. मागचा दिवा फुटला आहे असे सांगून पोलीस गाडी थांबवतो. खलीलला खाली उतरवतो, त्याची झडती घेतो. काही सापडत नाही. पोलीस आपल्या गाडीकडे वळतो तेव्हा खलील दार उघडून स्टारला विचारतो, तू ठीक आहेस ना? आणि पाठीत गोळ्या लागून तो पडतो. दारात ठेवलेला केसांचा ब्रश पोलिसाला पिस्तूल वाटला, असे नंतर सांगितले जाते. ते पाहणारी दुसरी व्यक्ती एकच : स्टार.

येथवरचा भाग कादंबरीच्या आरंभीच संपतो. उरलेले सगळे पुस्तक त्या गोळीनंतर साक्षीचे काय होते याविषयी आहे, आणि तीच या पुस्तकाची खरी शिकवण आहे. चौकशीला बसलेले अधिकारी स्टारला पोलिसाने काय केले हे थोडे विचारतात, आणि खलील काय धंदा करत होता हे जास्त. दूरदर्शनवर पोलिसाचे वडील येऊन मुलाच्या भल्या स्वभावाविषयी बोलतात. खलीलची ओळख मात्र 'गर्द विकणारा' एवढीच उरते. शाळेतली मुले निषेधाच्या नावाखाली तास बुडवतात. जवळची मैत्रीण विचारते, हा तुझा तोच खलील का? आणि स्टार नाही म्हणते. अंगणात शेकोटीजवळ बसून ओळख नाकारणारा पेत्र येथे आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो. स्टार काही दुष्ट नाही. ती भ्यालेली आहे.

अखेर ती ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या पंचमंडळापुढे, साक्ष देते. तरीही पोलिसावर खटला होत नाही. खरे सांगितले म्हणजे न्याय मिळतोच, असे खोटे आश्वासन लेखिकेने तरुण वाचकाला दिलेले नाही. न्याय मिळाला नाही तरी साक्ष द्यायचीच, एवढेच ती सांगते. स्टार रस्त्यावर येऊन सर्वांसमोर खलीलचे नाव उच्चारते तेव्हा तिची दोन रूपे पुन्हा एक होतात.

४. दुसऱ्या बाजूने पाहणारा

साक्षीदार कृष्णवर्णीयच असला पाहिजे असे नाही. जेसन रेनॉल्ड्स हे कृष्णवर्णीय आणि ब्रेंडन काइली हे गोरे. या दोन लेखकांची ओळख २०१३ साली पुस्तकांच्या एका दौऱ्यात झाली. आदल्या वर्षी, २६ फेब्रुवारी २०१२ रोजी, फ्लोरिडात ट्रेव्हॉन मार्टिन हा १७ वर्षांचा निःशस्त्र मुलगा मारला गेला होता, आणि त्याला गोळी घालणारा २०१३ च्या जुलैमध्ये निर्दोष सुटला होता. २०१४ च्या ऑगस्टमध्ये फर्ग्युसन येथे मायकेल ब्राउन मारला गेला. दोघांनी मिळून 'ऑल अमेरिकन बॉइज' लिहिली. ती २०१५ मध्ये निघाली. एक प्रकरण रशाद हा कृष्णवर्णीय मुलगा सांगतो, दुसरे क्विन हा गोरा मुलगा.

रशाद दुकानात बटाट्याचे वेफर्स घ्यायला गेलेला असतो. पिशवीतून फोन काढायला वाकतो, आणि मागे उभी असलेली एक बाई त्याला अडखळून पडते. चोरी चालली आहे असा समज होऊन पोलीस त्याला बाहेर ओढून बेदम मारतो. रशाद इस्पितळात जातो. क्विनने हे सर्व पाहिलेले असते. अडचण अशी की, मारणारा पोलीस पॉल हा क्विनच्या मित्राचा थोरला भाऊ आहे. क्विनचे वडील अफगाणिस्तानच्या युद्धात गेले, तेव्हापासून पॉलनेच त्याला बापाची माया दिली. बोलावे तर कृतघ्नपणा, न बोलावे तर खोटेपणा.

लेवीय ५:१ मध्ये हीच अवस्था सांगितली आहे. ज्याने पाहिले किंवा ज्याला ठाऊक आहे, त्याला साक्षीसाठी बोलावले असता तो गप्प राहिला तर दोष त्याच्या माथी येतो. आपण नवव्या आज्ञेवरून मुलांना खोटी साक्ष देऊ नये असे शिकवतो. खरी साक्ष दाबून ठेवणे हेही पाप आहे, हे आपण क्वचितच शिकवतो. क्विनचा वर्ण त्याला गप्प राहण्याची सवलत देतो. रशादला ती सवलत नाही. हा फरक क्विनला ज्या दिवशी कळतो, त्या दिवसापासून तो बदलू लागतो.

आणखी एक गोष्ट येथे टिपून ठेवावी. रशादचे वडील स्वतः पूर्वी पोलिसात होते. मुलगा जखमी होऊन पडलेला असताना तेही प्रथम त्याचेच काय चुकले असेल ते शोधतात. पँट खाली घसरली होती का, असेही विचारतात. मागाहून ते कबूल करतात की, नोकरीत असताना त्यांनी स्वतः एका निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलावर गोळी झाडली होती. तो दम्याचे औषध काढायला हात घालत होता. तो कायमचा लुळा झाला. संशय असा खोल मुरलेला असतो की ज्यांच्यावर तो घेतला जातो त्यांच्याही मनात तो घर करतो.

५. कोणाचा शब्द खरा?

इतर पुस्तकांचा उल्लेख थोडक्यात करतो. वॉल्टर डीन मायर्स यांच्या 'मॉन्स्टर' (१९९९) मध्ये सोळा वर्षांचा स्टीव्ह खुनाच्या खटल्यात आरोपी आहे. सरकारी वकील बाई त्याला राक्षस ठरवतात आणि तो तुरुंगात रात्री वही लिहीत स्वतःला विचारत राहतो, मी खरोखर तसा आहे का? तो सुटतो, पण त्याची वकीलही त्याला जवळ घ्यायला कचरते. निक स्टोन यांच्या 'डिअर मार्टिन' (२०१७) मधला हुशार विद्यार्थी जस्टिस हा दिवंगत मार्टिन ल्यूथर किंग यांना पत्रे लिहितो. सिग्नलपाशी गाडीत मोठ्याने गाणी लावल्यावरून एक पोलीस, तो कामावर नसताना, गोळी झाडतो आणि जस्टिसचा मित्र मरतो. वृत्तपत्रांत जस्टिसचा कोणता फोटो येतो? एका सणाला गंमत म्हणून गुंडाचे सोंग घेतले होते, तो. ज्युवेल पार्कर रोड्स यांच्या 'घोस्ट बॉइज' (२०१८) मध्ये खेळण्यातले पिस्तूल हाती असलेला बारा वर्षांचा जेरोम मारला जातो. क्लीव्हलंड येथे २२ नोव्हेंबर २०१४ रोजी टमीर राइस हा बारा वर्षांचा मुलगा असाच मारला गेला होता. मेलेल्या जेरोमला भेटतो तो एमेट टिल. १९५५ च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत ज्याची हत्या झाली आणि ज्याच्या मारेकऱ्यांना ज्युरीने सोडून दिले, तो चौदा वर्षांचा खराखुरा मुलगा. जेरोमला पाहू शकणारी जिवंत मुलगी मात्र त्या गोळी झाडणाऱ्या पोलिसाचीच लेक आहे. मृतांची कथा जिवंतांनी पुढे सांगितली पाहिजे, हे तिला शिकावे लागते.

ही सर्व पुस्तके एकत्र ठेवली की एक गोष्ट स्पष्ट दिसते. १९३३ च्या गोष्टीत अन्याय तक्त्यावर लिहिलेला होता. तो वाचता येत होता. आज कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात तसे लिहिलेले नाही. आज तो अन्याय एका प्रश्नात दडलेला आहे : दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या तर कोणाची आधी खरी मानायची? ब्रश पिस्तूल दिसतो तो हात कोणाचा आहे यावरून. पडलेली बाई धक्का खाल्लेली दिसते ती जवळ कोण वाकला होता यावरून. २५ मे २०२० रोजी मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्या गुडघ्याचा उल्लेखही नव्हता. रस्त्यावर उभ्या असलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीने ते सर्व फोनवर चित्रित केले होते, म्हणून जगाला खरे कळले, आणि २०२१ साली त्या पोलिसाला खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. कादंबरीतली स्टार आणि रस्त्यावरची ती मुलगी यांच्यात फार अंतर नाही.

६. आक्षेपांचा विचार

या पुस्तकांवर अमेरिकेत आक्षेप पुष्कळ आले. २०१७ च्या अखेरीस टेक्सासमधील केटी येथील शाळांतून 'द हेट यू गिव्ह' काढून घेण्यात आले. २०१८ मध्ये दक्षिण कॅरोलायनात चार्ल्स्टनजवळच्या एका शाळेने सुटीतील वाचनासाठी या पुस्तकाचे आणि 'ऑल अमेरिकन बॉइज'चे नाव दिले, तेव्हा पोलिसांच्या एका संघटनेने हरकत घेतली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दर वर्षी सर्वाधिक आक्षेप आलेल्या दहा पुस्तकांची यादी काढते. २०२० च्या यादीत ही दोन्ही पुस्तके होती.

आक्षेपांतील काही भाग आम्हांलाही पटतो. भाषा काही ठिकाणी शिवराळ आहे. म्हणून शिक्षकांनी आधी स्वतः वाचावे, मग वयाचा विचार करून भाग निवडावा. सर्व पोलीस दुष्ट दाखवले आहेत, हा आक्षेप मात्र खरा नाही. स्टारचा मामा कार्लोस पोलीसच आहे, आणि तो तिला बापासारखा आहे. वस्तीतल्या लोकांचे दोषही झाकलेले नाहीत : स्टारची एक मैत्रीण दहाव्या वर्षी टोळ्यांच्या गोळीबारात मेलेली आहे. रेनॉल्ड्स यांच्या 'लाँग वे डाउन' (२०१७) मध्ये तर भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या मुलाची गोष्ट आहे, आणि ती वस्तीच्या आतल्या हिंसेविषयीच आहे. आणखी एक इशारा लक्षात ठेवावा. गोळ्या आणि मरण एवढेच वाचून कृष्णवर्णीय म्हणजे सदैव पीडित असा समज होऊ नये. क्वामी अलेक्झांडर यांची 'द क्रॉसओव्हर' (२०१४) जुळ्या भावांची, बास्केटबॉलची आणि बापलेकांच्या प्रेमाची गोष्ट आहे. तिला २०१५ चे न्यूबेरी पदक मिळाले. तीही सोबत वाचावी.

७. हे आपल्याला कशाला?

अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न मराठी माणसाला परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली, तेव्हा ती त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. स्टारचे वडील ज्या ब्लॅक पँथर पक्षाचा कार्यक्रम मुलांना शिकवतात, त्याच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिकडचा वर्ण आणि इकडची जात एक नव्हेत. त्यांचा इतिहास वेगळा आहे. पण मुलाने सांगितलेला अपमान मोठ्यांनी ऐकून न घेणे, हे दोन्हीकडे सारखेच आहे.

येथे आम्हांला आमचीच एक गोष्ट सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या संडेस्कूलच्या वर्गात दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा होता. एका रविवारी तो म्हणाला, "सर, मी शाळेतल्या मित्राकडे खेळायला गेलो होतो. सगळ्यांना पेल्यातून पाणी दिलं. मला बाहेरचा नळ दाखवला." वर्ग गप्प झाला. आम्हांला वेळेत पाठ संपवायचा होता. आम्ही म्हणालो, "अरे, तू खेळून मळला असशील. त्यांच्या मनात तसं काही नसेल. त्यांच्यासाठी प्रार्थना कर." आणि सुवर्णवचन पाठ करायला घेतले. पुढच्या रविवारी तो आला, वचन घडाघडा म्हणाला. पण बाहेरची कोणतीही गोष्ट त्याने आम्हांला पुन्हा कधी सांगितली नाही.

रशादचे वडील मुलाच्या पँटीची चौकशी करतात ते पान वाचताना आम्हांला तो मुलगा आठवला. आम्हीही त्याच्या अंगावरचा मळच शोधला होता. प्रार्थना करायला सांगितले यात चूक नव्हती. ऐकून न घेता सांगितले यात चूक होती. नाथानाची गोष्ट ऐकून दावीदाला जे वाटले असेल, त्याचा थोडासा अंश त्या दिवशी आमच्याही वाट्याला आला.

८. वर्गात हा पाठ कसा घ्यावा

बारा वर्षांखालील मुलांना मिल्ड्रेड टेलर यांच्या कादंबरीतील फाटक्या पुस्तकाचा प्रसंग आपल्या शब्दांत सांगावा आणि त्या मुलाने पुस्तक का फेकले असेल, एवढेच विचारावे. उत्तर आपण देऊ नये. मोठ्या वर्गात आणि तरुण संघात खलीलचा किंवा रशादचा प्रसंग सांगून मुलांचे चार गट करावेत : मुलगा, पोलीस, पाहणारा आणि वृत्तपत्राचा बातमीदार. प्रत्येक गटाने घडलेली गोष्ट आपल्या बाजूने पाच वाक्यांत लिहावी. चारही लेख वाचून दाखवले म्हणजे कोणत्या लेखात काय गळले ते मुलांनाच दिसेल. शेवटी शास्त्रपाठ वाचावा. आधी वाचू नये.

एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. असा पाठ घेतल्यावर एखादे मूल स्वतःवर आलेला प्रसंग सांगू लागेल. त्या वेळी पाठ थांबला तरी चालेल. त्याला पुरते बोलू द्यावे. 'तुझे काही चुकले असेल' हे वाक्य ओठांवर आले तर गिळून टाकावे. मग आईवडिलांशी आणि गरज पडल्यास पाळकांशी बोलून पुढे काय करता येईल ते पाहावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. स्टारने मैत्रिणीजवळ खलीलची ओळख का नाकारली? पेत्राच्या भीतीशी तिच्या भीतीचे कोठे साम्य आहे, आणि कोठे फरक आहे?

२. क्विनच्या जागी आपण असतो तर पॉलचे उपकार आणि रशादचा न्याय यांत काय निवडले असते? कोणत्या किमतीवर?

३. मिल्ड्रेड टेलर यांच्या गोष्टीतील आईने तक्त्यावर कागद चिकटवला. यापेक्षा निराळे ती काय करू शकली असती? त्याचा परिणाम काय झाला असता?

४. आपल्या मंडळीत, शाळेत किंवा कामाच्या ठिकाणी दोघांनी दोन गोष्टी सांगितल्या असता आपण कोणावर आधी विश्वास ठेवतो, आणि तो कशावरून?

५. गेल्या वर्षभरात एखाद्या मुलाने आपल्याला काही सांगायला सुरुवात केली आणि आपण विषय बदलला, असे झाले आहे काय? ते मूल अजून आपल्या वर्गात येत असेल, तर येत्या रविवारी त्याला पुन्हा विचारावे.